दोनशे अडतीस लेखांची चोरी

मला कोणी फसवू शकत नाही. ही बढाई नाही, नुसती माहिती आहे! घराला कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघतो, जिना उतरतो, परत चढतो आणि चौथ्यांदा ओढून बघतो. आमच्या हिला याचा वैताग येतो. येऊ दे. आजवर आमच्या घरी चोरी झालेली नाही. एकदा मी हिलाच आत कोंडून ऑफिसला गेलो होतो, पण त्यातही कुलूप किती मजबूत आहे हेच सिद्ध झालं.

मी एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात संगणकाचं काम करतो. बावीस वर्षं झाली. ग्रंथालयाची वेबसाइट आहे, तिच्यावर सूचना येतात, लेख येतात, वाचकांनी लिहिलेली परीक्षणं येतात. हे सगळं ज्या यंत्रणेत भरतात तिला सीएमएस म्हणतात. आमचं सीएमएस मी स्वतः, एकट्याने, जिन्याखालच्या माझ्या खोलीत बसून बांधलं. त्या खोलीत उभं राहिलं की डोकं आपटतं. पण खोली माझी आहे आणि तिची किल्ली फक्त माझ्याकडे आहे.

आता पुढचं कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. घाबरू नका, कोठीच्या खोलीचा हिशोब आहे! सगळा मजकूर जिथे साठवलेला असतो तो डेटाबेस म्हणजे आपली कोठी. वेबसाइटच्या पानाला एखादा लेख हवा असेल तर तो कोठीतून आणायला लागतो. आणायचे दोन रस्ते. एक माझा: सरळ आत घुसायचं, हात घालायचा, हवं ते उचलायचं. याला मी ‘थेट’ म्हणतो. दुसरा रस्ता असा, की कोठीच्या दाराशी एक खिडकी ठेवायची, खिडकीत एक कारकून बसवायचा, आणि त्याला सांगायचं, बाबा रे, अमुक लेख दे. तो आत जाणार, आणणार, देणार. याला मी ‘खिडकी’ म्हणतो. तांत्रिक भाषेत याला भारदस्त नावं आहेत, पण शेवटी कारकून तो कारकूनच.

आमच्याकडे ही खिडकी नवीने आणली. नवी म्हणजे आमच्या विभागातली नवी प्रोग्रॅमर. तिला येऊन तीन वर्षं झाली, पण मी कोणाला इतक्या लवकर जुनं म्हणत नाही. आल्या आल्या तिने लेखांची आणि सूचनांची पानं खिडकीवर नेली. माझ्याकडे उरलं काय? ग्रंथालयाच्या वेळा, सभासदांची यादी आणि ‘आमच्याविषयी’. मी तेव्हा फक्त लक्ष ठेवलं.

आणि मग एका सोमवारी आमच्या ग्रंथपालबाईंनी बोलावलं. बाईंचा स्वभाव असा, की त्या हळू आवाजात बोलल्या तरी तीन टेबलांवरची माणसं ताठ बसतात.

“दोन-दोन पद्धती किती दिवस चालवायच्या?” बाई म्हणाल्या. “एक बदल करायचा तर दोन ठिकाणी करावा लागतो. शुक्रवारी समितीसमोर दोघंही आपापली पद्धत मांडा. एक राहील, एक जाईल.”

“थेट गेलं तर माझं काय?” मी विचारलं.

“तुमच्याइतकं सभासदांना कोण ओळखतं? तुम्ही पुढच्या काउंटरवर बसाल, कार्डं कराल. जिन्याखालची खोली बालविभागाला हवीच आहे. मुलांना तिथे उभंही राहता येईल.”

बावीस वर्षं! मी बांधलेलं सगळं काढून टाकणार, आणि मी दारात बसून लोकांच्या फोटोंना शिक्के मारणार! त्या क्षणी मला कळून चुकलं, की हे सगळं ठरवून चाललंय.

पुरावे हवेत? घ्या. मंगळवारी सकाळी नवी माझ्या दारात आली आणि गोड आवाजात म्हणाली, “काका, तुमची ती जुनी वही मिळेल का? सुरुवातीला तुम्ही सगळे नियम लिहून ठेवले होते ना, ती?”

बघा! शुक्रवारी निर्णय, आणि मंगळवारी हिला माझी वही हवी!

“कशाला?” मी डोळे बारीक केले.

“वाचायला.”

“हरवली,” मी म्हणालो. वही माझ्या मांडीखाली होती.

त्याच दुपारी मी तिला बाइंडरशी कुजबुजताना पाहिलं. आमचा बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारा. माझ्या खोलीला लागूनच त्याची खोली. बावीस वर्षांत या माणसाने घाईने काही केलेलं मी पाहिलेलं नाही. मला बघताच दोघं गप्प झाले. मी विचारलं, “काय चाललंय?” बाइंडर म्हणाला, “खळ वाळतेय.” खळ वाळण्यात कुजबुजण्यासारखं काय असतं, तुम्हीच सांगा!

मग मी मोजायला बसलो. संशय आला की मी मोजतो, ही माझी जुनी सवय आहे. थेट आत जाऊन कोठीतले सगळे लेख नि सूचना मोजल्या. चार हजार एकशे बारा. मग खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, तुझ्याकडे किती? तो म्हणाला, तीन हजार आठशे चौऱ्याहत्तर.

मी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. कागदावर वजाबाकी केली, मग उलटी बेरीज केली. दोनशे अडतीस! दोनशे अडतीस लेख खिडकी गिळून बसली होती! वाचकांचे लेख, ग्रंथालयाच्या सूचना, कोठीत धडधडीत पडलेल्या, आणि कारकून खुशाल सांगत होता की नाहीत म्हणून!

कोणते लेख आहेत ते उघडून बघावं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. पण मी विचार केला, चोरीचा माल आपण हाताळायचा आणि उद्या त्यावर आपलेच ठसे निघायचे! नकोच ते. आणि नवीला विचारणं तर शक्यच नव्हतं. चोराला कोणी विचारतं का, काय हो, चोरी केलीत का?

घरी जेवताना हिला सगळं सांगितलं. सासूबाई आमच्याकडेच राहायला आलेल्या होत्या. सासूबाई म्हणजे आमच्या साइटच्या सगळ्यात निष्ठावान वाचक. रोज सकाळी टॅब्लेट घेऊन बसतात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. स्वतः पुस्तकांची परीक्षणंही पाठवतात. चांगलं लिहितात, पण कोणाचीच गय करत नाहीत.

“दोनशे अडतीस?” सासूबाईंचा घास हातातच राहिला. “जावईबापू, म्हणजे माझी ती तीन परीक्षणं छापून आली नाहीत ती...”

“त्यातच असणार, आई!”

“अहो, त्या मुलीला एकदा विचारून तरी बघा,” ही म्हणाली.

“तू भोळी आहेस,” मी म्हणालो.

“म्हणूनच तर तुमच्याशी लग्न केलं,” ही म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

गुरुवारी मी बंदोबस्ताला लागलो. शुक्रवारी माझं बिंग... म्हणजे तिचं बिंग फुटायच्या आत नवीने पुरावा नष्ट केला तर? मी सीएमएसचा मुख्य पासवर्ड बदलला. साधासुधा नाही, चोवीस अक्षरांचा, अर्थ नसलेला, खुद्द माझ्याही लक्षात राहू नये असा. कारण उद्या कोणी मला गोड बोलून तो काढून घेतला तर? माणसाने स्वतःवरही किती विश्वास ठेवावा याला मर्यादा असते. शिवाय अशी सोय केली, की कोणी आत जाऊन दोन मिनिटं काही हालचाल केली नाही, तर दार आपोआप बंद व्हावं.

आता चिठ्ठी लपवायची कुठे? खिशात नको, खिसा कापला जातो. टेबलाच्या खणात नको, खणाचं कुलूप साधं आहे. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ग्रंथालयात आहे! तब्बल साठ हजार पुस्तकं! त्यातलं एक असं पुस्तक निवडायचं, जे जन्मात कोणी उघडणार नाही.

आणि असं पुस्तक मला माहीत होतं. फार वर्षांपूर्वी बाइंडरला नव्या कापडाचा नमुना बांधून बघायचा होता, तेव्हा त्याने माझ्या वहीची एक छायाप्रत घेऊन तिला झकास बांधणी केली होती. बाईंच्या आधीच्या प्रमुखांनी गमतीने तिला क्रमांक देऊन संदर्भ विभागात ठेवलं. ‘संगणक विभाग : तांत्रिक टिपणे’. हिरवं कापड, सोनेरी अक्षरं. मागच्या कार्डावर एकही तारीख नाही. बावीस वर्षांत एकाही माणसाने ते घरी नेलेलं नाही!

मी इकडे तिकडे पाहिलं, पुस्तक काढलं, मधोमध उघडलं, चिठ्ठी सारली आणि परत ठेवून दिलं. पान वाचलं नाही. मीच लिहिलेलं मी काय वाचायचं?

शुक्रवारी अकरा वाजता पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात बैठक भरली. बाई मध्यभागी, समितीचे तिघं त्यांच्या बाजूला, मागच्या खुर्चीवर बाइंडर. तो समितीत नाही, पण त्या सभागृहातल्या खुर्च्या मऊ आहेत. समोर मोठा पडदा. नवीने तिचा लॅपटॉप आणि एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली. माझी नजर पिशवीवर गेली. कागदपत्रं पळवायची तयारी, दुसरं काय!

“आधी नवी बोलेल,” बाई म्हणाल्या.

“आधी मी बोलणार!” मी उठलो. “हा साधा निवडीचा प्रश्न उरलेला नाही, बाई. इथे चोरी झालीय!”

समितीचे तिघं एकदम जागे झाले.

मी दोन आकडे फळ्यावर लिहिले. खाली रेघ मारली. रेघेखाली २३८ लिहून त्याभोवती दोनदा गोल काढला. “कोठीत आहेत, खिडकीत नाहीत! वाचकांपासून दडवून ठेवलेत!”

“काका, ते दोनशे अडतीस म्हणजे...” नवीने तोंड उघडलं.

“मध्ये बोलू नकोस!”

“अहो, पण ते...”

“बघा बाई, घाबरली!”

बाईंनी तिला हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “तुमचं म्हणणं काय?”

“माझं म्हणणं इतकंच, की माझं थेट काहीही लपवत नाही. जे आहे ते सगळं दाखवतं! आत्ता, या क्षणी, संपूर्ण साइट थेटवर घेतो. तुम्हीच बघा आणि ठरवा.”

पासवर्ड मी पहाटेच ग्रंथालयात येऊन, चिठ्ठी बघून एकदा टाकून ठेवला होता, चिठ्ठी परत पुस्तकात सारली होती, आणि सकाळपासून दर दीड मिनिटाने एक कळ दाबत दार उघडं ठेवलं होतं. जिना चढतानासुद्धा. मी सेटिंगमध्ये गेलो, बटण ‘थेट’वर सरकवलं आणि कमरेवर हात ठेवून पडद्याकडे वळलो.

मुखपृष्ठ उघडलं. सगळ्यात वर एक लेख आला. शीर्षक होतं, ‘चाचणी लेख क्रमांक १’.

मला तो कुठेतरी वाचल्यासारखा वाटला. पण बाई तोवर मोठ्याने वाचायला लागल्या होत्या. “‘सासूबाई आल्या. दोन दिवसांसाठी आल्या. आज अकरावा दिवस. हा परिच्छेद मुद्दाम लांब ठेवला आहे, म्हणजे लांबलेली गोष्ट पानात मावते का ते कळेल. सासूबाई घोरतात. भिंतीपलीकडे ऐकू येतं. परिच्छेद अजून संपलेला नाही, मुक्कामही नाही...’ हे काय आहे?”

बावीस वर्षांपूर्वी सीएमएस नवंकोरं होतं. त्यात काहीतरी टाकून बघायला हवं होतं. मनात जे आलं ते टाकलं होतं! मग काढून टाकलं होतं. काढलं होतं ना?

“खिडकी सगळ्यात नवीन लेख आधी देते,” नवी हळूच म्हणाली. “थेटमध्ये ते सांगायचं राहिलं वाटतं. म्हणून सगळ्यात जुनं वर आलंय.”

“खाली घ्या,” बाई म्हणाल्या.

‘चाचणी लेख क्रमांक २. ठळक अक्षरांची चाचणी. देवघेव विभागात एक बाई नवीन आल्या आहेत. त्यांना काहीही कळत नाही. फार प्रश्न विचारतात. त्यांचा माझ्या जागेवर डोळा आहे.’

बावीस वर्षांपूर्वी देवघेव विभागात नवीन आलेल्या बाई आता आमच्या ग्रंथपाल आहेत.

“ठळक अक्षरं नीट उमटली आहेत,” बाई म्हणाल्या.

‘चाचणी लेख क्रमांक ३. यादीची चाचणी. माझी कात्री कोणी नेली? संशयित : १. बाइंडर. २. बाइंडरच.’

“ती कात्री होय!” मागून बाइंडर म्हणाला. “ती तुमच्या खोलीच्या दाराला टेकू म्हणून तुम्हीच लावली होती. अजून तिथेच आहे.”

एवढ्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडून इतका मोठा आवाज येत होता, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. फोन ग्रंथालयाच्या निवृत्त प्रमुखांचा होता. नऊ वर्षांपूर्वी कोणाच्या तरी चुकीने त्यांच्या निधनाची बातमी साइटवर लागली होती आणि तासाभरात काढली होती. आता ती पुन्हा लागली होती.

“दुसऱ्यांदा!” ते ओरडत होते. “दुसऱ्यांदा मारलंत मला! आणि फोटोही तोच! निदान नवा तरी मागून घ्यायचा!”

फोन ठेवतात न ठेवतात तोच खालून गलका ऐकू आला. बाइंडर खिडकीतून वाकला. खरीखुरी खिडकी, सभागृहाची. “पोरं आलीत,” तो म्हणाला. “आईबापांसकट. कठपुतळ्यांचा खेळ कुठे आहे म्हणून विचारतायत. साइटवर लिहिलंय म्हणे, आज दुपारी बारा वाजता.”

“तो खेळ सात वर्षांपूर्वी रद्द झाला होता!” बाई उठून उभ्या राहिल्या.

“आणि फाटकावर वेगळेच लोक उभे आहेत. म्हणतात, साइटवर लिहिलंय, ग्रंथालय आज बंद आहे, मग ही पोरं आत कशी सोडली?”

“आधी ते बटण मागे घ्या!” बाईंचा आवाज हळू होता. मी ताठ झालो.

मी बटणाकडे धावलो. पडद्यावर ओळ आली : ‘दोन मिनिटे हालचाल नसल्याने दार बंद झाले आहे. पासवर्ड टाका.’

“टाका!” बाई म्हणाल्या.

“तो... मी बदललाय.”

“मग नवा टाका!”

“तो माझ्या लक्षात राहू नये असाच केलाय.”

समितीतल्या एकाने कपाळाला हात लावला. माझ्या खिशात फोन थरथरला. हिचा होता.

“अहो, आई तुमच्या साइटवर काहीतरी वाचतेय.”

“काय वाचतेय?” मी विचारलं.

“सांगत नाहीये. मघापासून तेच पान उघडून बसलीय. एवढंच म्हणाली, शुद्धलेखन बरं आहे.”

मी फोन ठेवला आणि जिना उतरून संदर्भ विभागात धाव घेतली. वाटेत सात-आठ पोरं आडवी आली, “काका, बाहुल्या कुठेत?” त्यांना चुकवत तिसऱ्या कपाटाशी पोचलो. चौथा कप्पा. हिरवं कापड. सोनेरी अक्षरं.

जागा रिकामी होती!

बावीस वर्षं ज्या पुस्तकाला कोणी हात लावला नाही, ते नेमकं एका दिवसात नाहीसं झालं होतं! कारस्थान, दुसरं काय! मी धापा टाकत वर आलो. “पुस्तक चोरीला गेलं!” मी ओरडलो. “त्यात पासवर्ड होता!”

“कोणतं पुस्तक?” नवीने विचारलं.

“तांत्रिक टिपणे! हिरवं!”

नवीने निमूटपणे आपल्या कापडी पिशवीत हात घातला आणि हिरवं पुस्तक बाहेर काढलं.

“मी सकाळी रीतसर घेतलंय, काका,” ती म्हणाली. “कार्डावर तारीख आहे. तुम्ही वही हरवली म्हणालात, तेव्हा बाइंडरकाकांनी सांगितलं की याची बांधलेली प्रत आहे.”

“खळ वाळतेय म्हणालो होतो ना,” बाइंडर म्हणाला. “याचाच पुठ्ठा सुटला होता.”

तिने पुस्तक उघडलं. चिठ्ठी जिथे होती तिथेच उघडलं ते. नवीने चिठ्ठी मला दिली, पण तिची नजर पानावर राहिली. मग तिने ते पान बाईंपुढे धरलं, आणि बाईंनी तेही मोठ्याने वाचलं. आज बाईंचा वाचनाचा दिवस होता.

“‘नियम पहिला. कोणताही मजकूर कधीही पुसू नये. कोणी लेख काढायला सांगितला, तर त्यावर काढलेला अशी फक्त खूण करावी आणि तो कोठीतच ठेवावा. उद्या कोणी म्हणालं, मी असं लिहिलंच नव्हतं, तर? कोणावरही विश्वास ठेवता येत नाही. वेबसाइटच्या प्रत्येक पानाने खूण असलेला मजकूर आठवणीने सोडून द्यावा.’ खाली सही आहे.”

सही माझीच होती. फाटे फोडलेली, कोणाला नक्कल करता येऊ नये अशी.

“हेच सांगत होते मी, काका,” नवी म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. “ते दोनशे अडतीस लेख चोरलेले नाहीत. ते काढलेले लेख आहेत. पूर्वी तुम्ही प्रत्येक पानात हाताने लिहीत होता, की खूण असलेलं सोडून दे. एखाद्या पानात लिहायचं राहिलं, तर काढलेलं सगळं बाहेर येणार, जसं आज खिडकीसाठी बांधलेल्या नव्या मुखपृष्ठावर आलं. म्हणून मी तुमचा तो नियम एकदाच, खिडकीत लिहून ठेवला. मला आज समितीला तेच दाखवायचं होतं, की खिडकी माझी असली तरी नियम तुमचा आहे. त्यासाठी वही हवी होती.”

मी चिठ्ठीवरची चोवीस अक्षरं टाकली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नवीने वाचून दाखवली आणि मी टाकली. बटण खिडकीवर नेलं. चाचणी लेख गेला, निधन गेलं, कठपुतळ्या गेल्या. खाली जमलेली पोरं मात्र तशी जाणार नव्हती. त्यांना बाइंडरने आपल्या खोलीत नेलं आणि खळ कशी करतात ते दाखवलं. घरी जाताना सगळी पोरं खूश होती आणि सगळे आईबाप चिकट होते.

मला लाज वाटली. अगदी खरोखर वाटली. तीन वर्षं ती पोरगी मला काका म्हणत होती आणि मी तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होतो. आणि तिच्याआधी बाईंकडे! मी नवीला म्हणालो, “माझं चुकलं.” हे दोन शब्द मी ऑफिसात पहिल्यांदाच उच्चारले असावेत, कारण ते ऐकून बाइंडर खालच्या खोलीतून उठून जिना चढून वर आला.

बाईंनी निर्णय तिथल्या तिथे दिला. खिडकी राहील, थेट जाईल. खोली बालविभागाला.

“आणि मी काउंटरवर?” मी खाली मान घालून विचारलं.

“तुम्हाला काउंटरवर बसवलं तर तुम्ही प्रत्येक सभासदाला त्याचा फोटो त्याचाच आहे का म्हणून विचाराल,” बाई म्हणाल्या. “नवीच्या खोलीत टेबल टाका. रोज सकाळी दोन्हीकडून मोजा. आकडे बघायला थेट ठेवा, हात लावायला नाही. फरक दिसला, तर आधी तिला विचारा. फळ्यावर लिहू नका.” दारापाशी जाऊन त्या थांबल्या. “आणि तेव्हा मला तुमच्या जागेत काडीचा रस नव्हता. तिथे डोकं आपटतं.”

संध्याकाळी निघताना खोलीचं कुलूप एकदाही ओढून बघायचं धैर्य झालं नाही. घरी पोचलो. सासूबाई खुर्चीत बसून टॅब्लेटवर काहीतरी लिहीत होत्या. मी समोर उभा राहिलो. म्हणालो, “आई, ते बावीस वर्षांपूर्वीचं...”

“बसा, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “लिहून होऊ द्या.”

सोमवारी सकाळी त्यांचं परीक्षण साइटवर आलं. खिडकीतून, रीतसर, सगळ्यात वर. शीर्षक : ‘चाचणी लेख क्रमांक १ : एक परीक्षण’. संपादकांनी एक अक्षरही बदललं नव्हतं. “लेखकाची शैली बरी आहे, पण माहिती तपासलेली नाही. मुक्काम अकरा दिवसांचा नव्हे, चौदा दिवसांचा होता, कारण जावई आजारी होते आणि त्यांना दर दोन तासांनी औषध द्यायचं होतं. भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येत असे हे खरं. परंतु भिंतीच्या त्या बाजूला मी औषधासाठी जागी बसलेली असे. आवाज कोणत्या बाजूचा होता, हे लेखकाने झोपेतून उठून एकदा विचारायला हवं होतं. एकंदरीत, संशय भरपूर, चौकशी शून्य.”

ते परीक्षण पुसून टाकायचा मी एक क्षीण प्रयत्न करून बघितला, हे इथे कबूल करतो. खिडकीतला कारकून म्हणाला, ‘मजकूर पुसता येत नाही. पाहा : नियम पहिला.’

मग मी माझं नवं काम केलं. दोन्हीकडून मोजलं. थेट : चार हजार एकशे तेरा. खिडकी : तीन हजार आठशे पंच्याहत्तर. फरक दोनशे अडतीसच. म्हणजे सासूबाईंचा लेख दोन्हीकडे व्यवस्थित आहे.